फलकावरचं नाव कुणाचं?

(अमळनेर इथं भरलेल्या बायांच्या कलापथकांच्या शिबिरात केलेलं भाषण)

मला बोलायला विषय दिलाय, ‘गाणारणीनं स्वतःचं आणि आपल्या कलापथकाचं नाव कसं ठरवावं’. विषय ऐकून मागच्या रांगेत काही जणी हसल्या. त्यांचं बरोबरच आहे. गाणी बसवायची, ढोलकी मिळवायची, रात्री घराबाहेर पडायचं म्हणजे घरच्यांची समजूत काढायची, पोरांना कुणाकडे तरी ठेवायचं. एवढ्या अडचणी पुढ्यात असताना नावाचं काय घेऊन बसलात, असं वाटणारच. पण मी तीसेक वर्षं गाते आहे आणि माझा अनुभव असा, की बाईच्या गाण्यावरनं होणारं प्रत्येक भांडण शेवटी नावाशी येऊन ठेपतं. ही कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुठल्या जातीची, ‘घरंदाज’ की ‘तसली’, हे लोक फलकावरच्या नावातनं वाचतात. आणि मान कुणाला, पैसे कुणाला, हेही बरेचदा त्या नावावरनंच ठरतं. तेव्हा आज तीन साधे प्रश्न घेऊ. नाव ठेवलं कुणी? ते सांगतं काय आणि झाकतं काय? आणि ते कुणाच्या मालकीचं?

आधी आपल्या घरातलं गाणं बघू. आखाजीला झोक्यावर, भादव्यात गुलाबाईपुढे, कानबाईच्या रात्री, जात्यावर, हळदीला, खान्देशातली बाई गात आलेली आहे. तुमच्यातल्या प्रत्येकीला अशी पाचपंचवीस गाणी पाठ असतील. ती कुणी रचली? एकीलाही सांगता येणार नाही. आई गायची, आजी गायची, एवढंच. हे गाणं सगळ्यांचं, ही त्याची श्रीमंती आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. बाईनं रचलं तर ते लोकगीत आणि पुरुषानं रचलं तर शेवटच्या कडव्यात त्याचं नाव, हे आपण शेकडो वर्षं चालू दिलं. शाहिराच्या लावणीत शाहिराची नाममुद्रा असते. ओवीत बाई भावाचं नाव गुंफते, लेकाचं गुंफते, विठोबाचं गुंफते. स्वतःचं क्वचितच.

आपल्या बहिणाबाईंचं उदाहरण जवळचंच आहे. आसोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी म्हटलेलं घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ साली त्या गेल्या आणि मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवल्यावर १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली. स्वतःचं नाव पुस्तकावर छापलेलं त्यांनी पाहिलं नाही. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण विचार करा, ती वही राहिली नसती तर? त्याच गाण्यांना आपण ‘खान्देशातल्या जात्यावरच्या ओव्या’ म्हटलं असतं. अशा किती बहिणाबाई विनानावाच्या गेल्या त्याची मोजदाद कुणाकडे आहे?

म्हणजे घरात गाणाऱ्या बाईला नाव नव्हतं. नाव होतं ते चारचौघांत, पैसे घेऊन गाणाऱ्या बाईला. आणि ते तिला फार महाग पडायचं.

गोव्यातल्या गायिकांची नावं आठवा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. केरी गावच्या त्या केरकर, कुर्डी गावच्या त्या कुर्डीकर. ‘कर’ लावणारी आडनावं आपल्याकडे घरोघरी आहेत, पण ती बापाकडनं येतात. देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या बायांना बापाचं नाव लावू देत नसत आणि नवऱ्याचं नाव नसे. मग उरलं काय? गाव. जन्मगावच त्यांनी नावापुढे जोडलं. समाजानं ज्या जागी रिकामी रेघ ठेवली होती तिथं या बायांनी आख्खं गाव आणून बसवलं! बघा तर, मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं, पण मोगूबाईंच्या नावात ते अजून कोरडं आहे. आणि केसरबाईंचं तर आणखीच मोठं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, त्यांत पृथ्वीवरच्या संगीताची एक तबकडी ठेवली आहे. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. यानं सुटली आणि त्याच सुमारास, सप्टेंबर १९७७ मध्ये, केसरबाई वारल्या. ज्या बाईला बापाचं आडनाव मिळालं नाही तिच्या गावाचं नाव असं सूर्यमालेच्या बाहेर गेलं.

हे ऐकायला छान वाटतं, पण ‘गावकर’ नावाला दोन धारा होत्या हे विसरू नका. ज्याला कळायचं त्याला ‘बाई’ आणि गाव ऐकताच कळायचं, की ही गाणारी, म्हणजे ‘त्या’ घरातली. उत्तरेत हेच काम ‘जान’ करायचं आणि शहराचं नाव करायचं. अख्तरीबाई फैजाबादी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४५ साली त्यांनी एका बॅरिस्टरशी लग्न केलं, काही वर्षं गाणं बंद झालं. १९४९ साली लखनौ रेडिओवर त्या परत गायल्या आणि पुढे जगाला माहीत झाल्या त्या ‘बेगम अख्तर’. गळा तोच. पण ‘बाई’ गेली, ‘बेगम’ आली, गाव गेलं. गाण्याला काही कमीजास्त झालं का? नाही. ऐकणाऱ्यांना मात्र आता उजळ माथ्यानं ऐकता येऊ लागलं.

एका आईचंही सांगते. ताराबाई माने. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा पदरात पाच मुलं. त्यांनी मुलांची नावंच बदलून टाकली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वती झाली, त्याच पुढे सरस्वतीबाई राणे. आज आपण म्हणू, मुसलमान नावं का टाकावी लागली? प्रश्न खरा आहे. त्या काळात हिंदू मध्यमवर्गासमोर मुलींना गायला बसवायचं तर कुठली नावं चालतील आणि कुठली चालणार नाहीत, हे त्या आईनं ओळखलं असणार. दोष त्या आईचा नाही, नाव ऐकून दार उघडायचं की लावायचं ठरवणाऱ्यांचा आहे. पण दुसरंही बघा. बापाच्या घराण्याचं नाव पुसून मुलांना नवी नावं द्यायचा हक्क एका बाईनं वापरला, आणि थोरल्या मुलाला स्वतःचं माने आडनाव दिलं. या घरातल्या मंडळींनी पुढे नाटकंही केली, त्यांत बायांची कामं बायांनीच केली, आणि संस्थेचं नाव होतं ‘नूतन संगीत विद्यालय’. विद्यालय म्हटलं की घरातल्या मुली यायला धजतात. संस्थेचं नाव असंही काम करतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता तमाशाकडे या. तमाशाच्या फडाला गायकाचंच नाव असतं, त्यामुळे कुणाचं नाव किती चालतं ते तिथं ढळढळीत दिसतं. जुनी नावं बहुतेक पुरुषांच्या जोड्यांची. भाऊ-बापू नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर, आपल्या खान्देशातले भिका-भीमा सांगवीकर. काळू-बाळूंची खरी नावं लहू आणि अंकुश खाडे. वगातल्या पात्रांची नावं त्यांना इतकी चिकटली की तीच फडाची झाली. पुरुषाला नवं नाव घेणं सोपं होतं. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तमाशात आला आणि ‘पठ्ठे बापूराव’ झाला. लोकांनी त्यात मर्दुमकी पाहिली. त्यांच्याबरोबर उभी राहिलेली पवळा मात्र कायम हिवरगावची पवळाच राहिली. तिनं नाव बदललं असतं तरी तिची जात आणि तिचा धंदा लोक विसरणार नव्हते.

विठाबाईंचं नाव मला सगळ्यांत थोर वाटतं. पंढरपुरात जन्म, म्हणून विठा. आणि फलकावर काय? ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जात, गाव. काही झाकलेलं नाही. ज्या काळात नट-नट्या जात लपवायला आडनावं बदलत होत्या, त्या काळात या बाईनं हजारोंच्या समोर आपली जात फलकावर ठेवून तिकिटं खपवली. राष्ट्रपती पदक त्यांना दोनदा मिळालं, १९५७ आणि १९९० साली. तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यानंतर राज्य शासनानं त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार ठेवला. त्या पुरस्काराचं नाव वाचा, ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर’. सम्राज्ञी वाढली आणि मधले दोन शब्द गळाले. ते मुद्दाम गाळले असं मी म्हणत नाही. पण जो शब्द उच्चारायला विठाबाई लाजल्या नाहीत, तो सन्मानपत्रावर लिहायला आपल्याला अवघड का वाटावा, एवढं आपण स्वतःला विचारायला हरकत नाही.

कांताबाई सातारकरांची गोष्ट वेगळी. तुकाराम खेडकरांबरोबर त्यांनी फड गाजवला. खेडकर १९६४ साली गेले आणि कांताबाईंना तो फड सोडावा लागला. राबलेली बाई, पण फड दुसऱ्याच्या नावावर. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला आणि त्याच्या नावात मुलगा रघुवीर खेडकर आणि आई कांताबाई सातारकर अशी दोन्ही नावं आली. मुलाला बापाचं आडनाव, आईला तिचं गाव. एकाच फलकावर दोन्ही वाटा शेजारी शेजारी. विठाबाईंच्या लेकीनं, मंगलाताईंनी, सासरचं बनसोडे आडनाव लावून फड चालवला. तेव्हा माहेरचं की सासरचं, गावाचं की जातीचं, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. एकच बघायचं, की ते त्या बाईनं स्वतः पत्करलंय का.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही. सतरा वर्षांची असताना मी एका ऑर्केस्ट्रात गायला लागले. पहिल्याच दिवशी मालकानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, हे फलकावर चालायचं नाही. का चालायचं नाही ते त्यानं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. माझं नाव त्यानं ‘मिस रेखा’ ठेवलं. माझ्या आईला ते बरं वाटलं. गल्लीत कळणार नाही, उद्या लग्नाला अडचण यायची नाही. टोपणनावाचा असा आडोसाही असतो, तो मी नाकारत नाही. त्या आडोशानं मी नऊ वर्षं निर्धास्त गायले. पैशावरनं वाजलं तेव्हा मी बाहेर पडले. पुढच्या लग्नसराईत भिंतीवर तेच फलक, ‘मिस रेखा’. शेजारीण आईला म्हणाली, तुमची पोरगी काल धुळ्याला काय गायली हो! मी त्या रात्री घरात भाकरी थापत होते. नाव माझं नव्हतंच, ते ऑर्केस्ट्राचं होतं, आणि त्या नावात आता दुसरी मुलगी उभी होती. दुसऱ्या एका पार्टीकडे काम मागायला गेले तर त्यांनी विचारलं, रेखा तर तिकडेच आहे, मग तू कोण? नऊ वर्षांचं गाणं त्या नावाच्या खात्यावर जमा, माझ्या हाती कोरी पाटी. त्या मुलीवर माझा राग नाही. तिचंही खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

हे एकट्या माझंच नाही. ‘महल’ चित्रपट १९४९ सालचा. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ गाणं घरोघरी गेलं, पण पहिल्या तबकड्यांवर गाणारीचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. लोक रेडिओला पत्रं लिहून विचारू लागले, ही गाते कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. म्हणजे लताबाईंनासुद्धा आधी पात्राच्या नावाखाली झाकलं गेलं. पुढे १९६०च्या दशकात त्यांनीच मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावानं. ‘साधी माणसं’ हा १९६५ सालचा चित्रपट त्यांतलाच. दोन्ही वेळा खरं नाव झाकलंच गेलं. पण पहिल्यांदा दुसऱ्यांनी झाकलं, दुसऱ्यांदा तिनं स्वतः. पडदा तिच्या हातात होता, पाहिजे तेव्हा बाजूला सारता येत होता. मैत्रिणींनो, आजच्या माझ्या बोलण्यातलं एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुरे. टोपणनाव वाईट नाही. दोरी कुणाच्या हातात आहे ते बघा.

आणि गौहरजान! १९०२ साली कलकत्त्यात आपल्या देशातली पहिली ध्वनिमुद्रणं झाली त्यांत त्या होत्या. गाणं संपताना त्या ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, कुठली कुणाची हे तिथल्या कारागिरांना कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण ऐकताना काय वाटतं? एक बाई गाते आणि वर सांगते, हे मी गायले. जन्मनाव त्यांचं अँजेलिना. आईनं धर्म बदलला, नाव बदललं, लेकीचंही बदललं. पण जे नाव होतं ते त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही, स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आता आपल्या गल्लीतल्या वाजंत्रीकडे या. लग्नसराईत अमळनेर, पारोळा, चोपडा, कुठंही उभ्या राहा. बँडच्या ढोलावर, गाडीवर मोठ्या अक्षरात बँडचं नाव आणि खाली ‘प्रो.’ लिहून मालकाचं. कुठं देवाचं नाव, कुठं मालकाच्या पोराचं. आणि गाणारी बाई असली तर तिच्यासाठी दोनच शब्द, ‘लेडीज सिंगर’. क्लॅरिनेटवाल्याला निदान उस्ताद म्हणतात. हिला नावच नाही. नाव नाही म्हणून भाव नाही, कारण बोलावणारा बँडला बोलावतो, तिला नाही. उद्या तिच्या जागी दुसरी उभी केली तर कुणाला फरक पडतो? माझ्या बाबतीत तेच झालं.

यावर कायदा काय म्हणतो तेही थोडं माहीत असू द्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम ३८-बी प्रमाणे, जिनं गायलं तिला आपलं नाव कलाकार म्हणून दिलं जावं असा दावा करता येतो. वापरच असा असेल की नाव देणं शक्य नाही, तेवढा अपवाद. म्हणजे आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कुणी काढलं आणि वर दुसरंच नाव घातलं, तर गप्प बसायचं कारण नाही. दुसरं, संस्थेच्या नावाचं. नाव ही वापरातनं कमावलेली मिळकत असते. व्यापारचिन्ह कायदा १९९९चा आहे, करमणुकीच्या सेवांची नोंदणी त्यात ४१व्या वर्गात होते. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याला कायद्याचा आधार. म्हणून नाव गाजल्यावर कुणा एकाच्या, आणि बहुतेक वेळा ढोलकीवाल्या दादाच्या, नावावर नोंदणी होऊन बसायच्या आत विचार करा. तिसरं, लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर महाराष्ट्रात स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम आहे. कागदावर आई आली. फलकावर आणायला कुणाची परवानगी हवी?

आता कलापथकाच्या नावाचं. चळवळीतल्या पथकांनी माणसाचं नाव न घेता विचाराचं नाव घेतलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं ‘लाल बावटा कलापथक’ १९४४ सालचं. मेहबूब हुसेन पटेल या गिरणी कामगारांच्या शाहिरानं ‘अमर शेख’ हे नाव घेतलं, पण पथकाला ते दिलं नाही. पथक कामगारांचं. एक शाहीर तुरुंगात गेला तरी पथक चालत राहावं, अशी ती सोय. आपल्या बायांच्या चळवळीत स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं नाटक १९८३ साली आलं. नाव बघा. बाळंतिणीच्या दाराशी जे शब्द सुतकी तोंडानं म्हटले जातात तेच मोठ्यानं, ‘हो’ लावून, गावच्या चौकात! जे खाली मान घालून बोलायचं ते मान वर करून बोललं, की तेच निशाण होतं. असं नाव सापडलं तर अर्धं काम झालंच समजा.

आणि नाव बाजू सांगतं. याच अमळनेरात फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं भरली. एक ‘अखिल भारतीय’, दुसरं ‘विद्रोही’. भाषा तीच मराठी, गाव तेच, पण कमानीवरचा एक शब्द वाचून येणाऱ्याला कळत होतं आपण कुठल्या मांडवात शिरतोय. आपल्या पथकाचं नाव वाचून गावातल्या बाईला कळलं पाहिजे, की हे आपल्यासाठी आहे.

काल तुमच्या फळ्यावर बरीच नावं लिहिलेली पाहिली. त्यांवरनं थोडं सुचवते, ठरवा तुम्ही. देवीची नावं दोन-तीन होती. त्यात वाईट काही नाही, पण आपल्यात शबाना आहे, बौद्ध वाड्यातल्या पोरी आहेत. त्या नावाच्या फलकाखाली त्या उभ्या राहतील का, हे त्यांना विचारा, त्यांच्या वतीनं ठरवू नका. ‘रणरागिणी’ आहे. ऐकायला जोरदार, पण अशी पथकं गावोगाव आहेत, तुम्ही कुठल्या ते कळायचं नाही. कुणीतरी ‘आखाजी’ लिहिलंय, ते मला आवडलं. आपला शब्द, खान्देशातल्या प्रत्येक बाईला कळणारा. माहेरी यायचं, झोक्यावर मोकळ्यानं गायचं, तो दिवस. पुण्या-मुंबईत त्याचा अर्थ सांगावा लागेल. मग सांगा की, ती आपल्या बोलण्याची सुरुवातच होईल. एका ताईंच्या नावानं पथक काढावं अशीही सूचना आहे. ताईंचा मान मोठा आहे, पण माणसाच्या नावाचं पथक त्या माणसाच्या प्रकृतीबरोबर चढतं-उतरतं. आणि काहीही ठरवा, तालुक्यात, जिल्ह्यात त्या नावाचं दुसरं पथक आहे का ते आधी बघा. नाव मोठ्यानं हाका मारून बघा. निवेदक ध्वनिक्षेपकावर धडपणे उच्चारील का? फलक रंगवणारा न चुकता लिहील का? अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडी बसेल का?

स्वतःच्या नावाबद्दल मी कुणालाच आग्रह करणार नाही. घरी मार बसेल, सासरी बोलणी बसतील, म्हणून जिला टोपणनाव हवं तिनं ते घ्यावं. तिला भित्री म्हणणाऱ्या आपण कोण? जिला नुसतं पहिलं नाव लावायचंय तिनं तेवढंच लावावं. जिला आईचं लावायचंय तिनं आईचं, जिला विठाबाईंसारखं सगळंच लावायचंय तिनं सगळं. पत्रकावर चार तऱ्हेची नावं आली तर बिघडत नाही. उलट आपण चार तऱ्हेच्या बाया एकत्र आलोय हे त्यातनं दिसेल. मात्र दोन गोष्टी सगळ्यांनी मिळून कराव्यात असं मला वाटतं. एक म्हणजे, एक वही करा. कुठलं गाणं कुणी रचलं, चाल कुणाची, कुठल्या कार्यक्रमात कोण गायलं, ढोलकीवर कोण, तारखेसकट लिहा. टोपणनाव घेतलेलीचं खरं नावही तिला चालत असेल तर तिथं लिहा आणि ती वही सांभाळा. बहिणाबाईंच्या बाबतीत वहीनं काय केलं ते मघाशी बोललोच. दुसरं म्हणजे, पहिला कार्यक्रम व्हायच्या आत एका कागदावर सह्या करा, अंगठे उठवा. नाव सगळ्यांचं. एखादी सोडून गेली तर तिचं स्वतःचं नाव तिच्याबरोबर जाईल, पथकाचं नाव पथकाकडे राहील. पथक मोडलं तर ते नाव कुणी एकटीनं किंवा एकट्यानं वापरायचं नाही. आज सगळ्या गोडीत आहात तोवर हे लिहिणं सोपं आहे, भांडण झाल्यावर अवघड जातं.

आणि कार्यक्रम संपताना प्रत्येकीनं पुढे यायचं आणि आपलं नाव आपण सांगायचं. निवेदकानं नाही. पाहुण्यानं नाही. पहिल्यांदा आवाज कापेल, काही जणी पदर तोंडाला लावतील, कापू दे. गाणं म्हणताना ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो त्यांना स्वतःचं नाव उच्चारताना घसा दाटून यावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. ती सरावानंच जाईल. मी आता रेखा नाही. मी माझ्या नावानं गाते, सुपाऱ्या कमी मिळतात, पण ज्या मिळतात त्या मला मिळतात.

आता मी थांबते. दुपारच्या सत्रात गटागटानं बसून नावं ठरवा, आणि ज्या अजून एक शब्दही बोललेल्या नाहीत त्यांना पहिल्यांदा बोलू द्या.